आहेराच्या पावाचं बिल

मी भट्टी. ओब्दुलियाच्या अंगणातली. बोलतेय कसली, धुमसतेय, आणि आत लाकडाची एक काडी नाही.

मला बांधलं ओब्दुलियाच्या सासऱ्याने. विटा, माती, गवत आणि गाढवाची लीद. माती तुडवायला नवी सूनच होती. घागरा खोचून ती माझ्यात नाचली म्हणा ना. सासरा म्हणाला, "पोरी, नीट तुडव. ही भेगाळली तर तुझ्या पायांना बोल लावीन." माझ्या पाठीवर आज एक भेग आहे खरी, पण ती भूकंपाची. तिच्या पायांची नाही.

मग वर्षानुवर्षं माझ्या पोटातून पाव निघाला. अंड्याच्या बलकाने पिवळाधमक, वर तीळ. मेलेल्यांच्या सणाला त्याच पावावर पिठाचा इवलासा चेहरा. नवरा वारला तेव्हाही ओब्दुलियाने महिनाभरात मला पेटवलं. रडायची ती माझ्यासमोर, पण हात पिठातच.

पुढे शहरातल्या एका हॉटेलाला रोज पाव हवा झाला. पण त्यांना बिल पाहिजे. मग तिच्या बहिणीच्या मुलीने, नोएमीने, कर खात्यात तिचं नाव घातलं. नोएमी शहरात लोकांचे हिशेब लिहिते. तेव्हापासून दर महिन्याला ओब्दुलिया तिला विक्री सांगायची आणि ती सरकारला कळवायची. चाललं होतं बरं.

गेलं वर्ष उजाडतं न उजाडतं तोच डोंगराकडचा पूल खचला. शहराला जाणाऱ्या बसेस बंद. हॉटेलवाल्याने शहरातच यंत्रावरचा पाव घ्यायला सुरुवात केली. मी महिनोन्‌महिने गार. कोंबडीने माझ्या पोटात अंडी घातली, सांगते काय! आणि ओब्दुलियाने नोएमीला फोन करणंच सोडलं. विकलंच नाही तर सांगायचं काय, असा तिचा सरळ हिशेब.

त्या सबंध वर्षात मी एकदाच पोटभर पेटले. अबुंदियोच्या मुलीच्या लग्नाला. गावात अबुंदियोच्या मोटर-रिक्षा चालतात. ती मुलगी बाप्तिस्म्याला ओब्दुलियाच्याच हातात होती, ओब्दुलिया तिची धर्माची आई, म्हणून तो ओब्दुलियाला कोमाद्रे म्हणतो आणि ती त्याला कोंपाद्रे. सख्ख्या भावाला एक वेळ नाही म्हणता येतं, कोंपाद्रेला नाही.

आमच्याकडे लग्नात गेलागेत्सा नेतात. आहेरच म्हणा, पण फेडायचा आहेर. तुमच्या घरच्या कार्याला मी टर्की दिली, तर माझ्या घरच्या कार्याला तुम्ही तोलाचं काहीतरी आणायचं. ओब्दुलियाच्या लेकीच्या लग्नात अबुंदियोने टर्की दिल्या होत्या. तो म्हणाला, "कोमाद्रे, फेडीला तुझा पावच आण." टोपल्याच्या टोपल्या गेल्या. अंडी तिची, लोणी तिचं, लाकूड तिचं. अख्खं गाव जेवलं.

लग्नानंतर अबुंदियो हसत हसत अंगणात आला.

"कोमाद्रे, त्या पावाचं एक बिल करून दे ना. माझ्या धंद्याच्या खर्चात घालतो, तेवढाच कर वाचेल. तुला काय फरक पडतो?"

मी पेटलेली असते तर धूर सोडला असता त्याच्या तोंडावर. ओब्दुलियाने मान डोलावली. नोएमीला फोन केला, "अबुंदियोला पावाचं बिल पाठव." गेलागेत्साचा पाव आहे, हे बोललीच नाही. त्यात बोलण्यासारखं काय, असं तिला वाटलं.

एप्रिल आला, वर्षाचा हिशेब भरायचा महिना. नोएमी लॅपटॉप घेऊन आली आणि कणीक मळायच्या टेबलावर तो ठेवून बसली.

"मावशी, वर्षात एकच बिल. अबुंदियोचं. ही तुझी कमाई, यावर कर."

"कमाई? तो पाव मी विकलाच नाही!"

"मग बिल का करायला लावलंस?"

"कोंपाद्रेने मागितलं!"

"उद्या तो तुझी दाढ मागेल, काढून देशील?" नोएमी चिडली. "आणि बाकीचे महिने तू मला काहीच कळवलं नाहीस. त्याचा दंड आहे."

"काही विकलं नव्हतं गं!"

"विकलं नाही, हेच कळवायचं असतं, मावशी. दर महिन्याला."

ओब्दुलिया मटकन माझ्या ओट्यावर बसली. म्हणाली, "म्हणजे उपाशी आहे हेही यांना वेळेवर सांगायचं."

नोएमीने सांगितलं, बिल रद्द करता येतं, पण अबुंदियोने त्याच्या बाजूने हो म्हणायला हवं. ओब्दुलियाने फोन केला. "बघतो, कोमाद्रे." परत केला. "गडबडीत आहे, कोमाद्रे." शेवटी तो आपणहून आला, तो हातात मोजायची टेप घेऊन!

"ऐक," तो म्हणाला, "तुझा कर आणि दंड मी भरतो. हे अंगण मला भाड्याने दे. रिक्षा उभ्या करीन. ही म्हातारी तेवढी पाडावी लागेल."

आणि माझ्या पाठीवर थाप मारली. भेगेवरच.

ओब्दुलिया पदराला, म्हणजे तिच्या शालीला, हात पुसत उठली. "कोंपाद्रे, तो पाव गेलागेत्सा होता की विकलेला?"

"गेलागेत्साच की. मी टर्की नव्हत्या दिल्या?"

"मग बिल खोटं. रद्द कर."

"अगं, ते माझ्या हिशेबात गेलं आता."

"बरं. मग पाव विकलेला. पैसे काढ. आत्ता."

"कोमाद्रे..."

"आणि टर्कीची फेड माझ्याकडे अजून बाकीच आहे, असं मी गावभर सांगते. का बाकी आहे तेही सांगते. तुझ्या धाकट्याचं लग्न काढलंयस ना? बघू तुझ्या दारात कोण काय घेऊन येतं ते!"

भिंतीपलीकडे शेजारीण देल्फिना धुणं पिळत होती. तिने मान वर काढली. "मी मेझकाल दारूची बाटली आणणार होते, अबुंदियो. थांब, आधी बिल करून ठेवते हं!"

देल्फिनाला कळलं म्हणजे संध्याकाळच्या आत बाजाराला कळलं. अबुंदियोचे कान तांबडे झाले. खिशातून फोन काढला, कसाबसा दाबला. नोएमी अजून टेबलापाशीच होती, लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत.

"आलं, मावशी. रद्द झालं."

तो टेप गुंडाळत गेला. समोर ठेवलेल्या गरम चॉकलेटच्या पेल्याला तोंडही लावलं नाही. तो गेल्यावर ओब्दुलियाने पेला उचलून कोंबड्यांत ओतला.

दंड सुटला नाही. तो ती हप्त्याने फेडतेय. दोन दिवसांआड मला पेटवते आणि टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरते. पाठीची भेग तिने परवा ओल्या मातीने लिंपली. सारखी दुखते, पण ऊब धरते.

त्या दिवशी नोएमीने वर्षाच्या विक्रीसमोर शून्य लिहिलं. ओब्दुलिया कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मीही. सबंध गाव माझ्या पोटातून जेवून उठलं, आणि कागदावर शून्य. तेही भांडून मिळवावं लागलं.

माझं एवढंच मागणं आहे. आहेर न्या, मिटक्या मारत खा, फेडायचा तेव्हा फेडा. पण त्याचं बिल मागायला या अंगणात परत कुणी पाऊल टाकलं, तर माझं तोंड उघडंच आहे आणि लाकूड वाळलेलं आहे.