कडी नसलेलं दार

फाटक मागे बंद झालं आणि ताई जागीच थबकली. एरवी कॅन्टीन चालवताना भल्याभल्यांना सरळ करणारी ही बाई, पण सुधारगृहात पाऊल टाकलं की तिची बोबडी वळायची. सोळाव्या वर्षी ती इथेच होती. आता दर आठवड्याला इथल्या मुलींना धीर द्यायला यायची. कोण कुणाला धीर देत होतं, देव जाणे.

भेटीच्या खोलीतली आजची पोरगी तोंड उघडायला तयार नव्हती. मावशीच्या नवऱ्याने चोरीचा माल तिच्या दप्तरात लपवला होता, हे इथे सगळ्यांना ठाऊक. पण उद्या बाल न्यायमंडळापुढे ते तिनेच सांगायला हवं होतं. नाहीतर चोर तीच, आणि मुक्काम इथेच.

"बोल गं बाई. घाबरू नकोस."

"तुमचं काय जातंय सांगायला?"

"अगं, मीही इथेच होते."

"सगळ्या असंच म्हणतात."

वेळ संपली. ताई हताश होऊन उठली, दारापाशी गेली आणि थांबली. हात पाठीमागे, नजर खाली. घरीसुद्धा ती कधीकधी बंद दारापुढे अशी उभी राहायची, कुणी उघडेल म्हणून. मग नवरा चिडवायचा, "राणीसरकार, ढकललं की उघडतं." तेव्हा तीही हसायची. इथे हसू येईना.

"ताई," मागून आवाज आला, "कडी नाहीये त्याला."

ताईने चमकून मागे पाहिलं. पोरगी उठून शेजारी आली. तिचेही हात पाठीमागेच होते.

"खरंच होतात की तुम्ही इथे. बाहेर गेल्यावरपण हे जात नाही?"

पोर खचेल, हे कळत होतं. पण खोटं बोलायला ताईची जीभ रेटेना. "माझं तरी नाही गेलं. अजून भीती वाटते."

पोरगी म्हणाली, "तुम्ही उघडा. मला बघायचंय."

ताईने पाठीमागचा हात पुढे आणून दार ढकललं.

"कुणाला विचारून उघडलंत?" बाहेरच्या पहारेकरीण बाई खेकसल्या.

'चुकले बाई' अगदी ओठांवर आलं होतं. ताईने ते गिळलं. "कुणालाच नाही," ती म्हणाली. आवाज चिरकला, पण म्हणाली.

"उद्या माझ्याजवळ उभ्या राहाल?" पोरीने हळूच विचारलं.

"राहीन."

"मग सांगते. पण सांगितलं की मावशी मला घरात घेणार नाही."

ताईलाही स्वतःच्या आईने घरात घेतलं नव्हतं.

"माहीत आहे," ती म्हणाली. आणि तिने दार उघडं धरून ठेवलं.