गोणीच्या पोटावरची बशी

मी एक जुनी गोणी आहे. मित्रांनो, लगेच नाक मुरडू नका. बटाटे भरून बाजारात जायचे आणि रिकामे झाल्यावर पायपुसणे व्हायचे, एवढेच आम्हा गोण्यांचे आयुष्य, असे तुम्हाला वाटत असेल. जन्माने मी त्याच कुळातली खरी. पण माझे नशीब वेगळे निघाले. गेली तीस वर्षे मी बाण खाते आहे.

मला घडवले हेल्मीने. अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, भूर्जाच्या जंगलात तिचे लाल रंगाचे घर आहे. तिचे आजी-आजोबा फिनलंडातून इथल्या तांब्याच्या खाणीत कामाला आले आणि येताना चिंध्यांच्या सतरंज्या विणायची विद्या घेऊन आले. हेल्मीच्या मागावर आजही जुने शर्ट, चादरी, पडदे यांच्या पट्ट्या सतरंजी होऊन बाहेर पडतात. उरलेली कातरण तिने माझ्या पोटात ठासून भरली. त्यात तिच्या वडिलांचे चौकटीचे शर्ट आहेत आणि तिचा थोरला भाऊ आर्वो याच्या लग्नातला सदराही आहे. तो सदरा अजून कुठे सापडत नाही म्हणून आर्वो कुरकुरतो. मी काही बोलत नाही.

पहिला बाण लागला तेव्हा माझी घाबरगुंडी उडाली होती. मग कळले की दुखत नाही. पोटातली कातरण बाणाला गच्च धरून ठेवते, आणि मारणारा लांबून 'वा!' म्हणतो. हे 'वा' ऐकायची मला चटक लागली.

त्या घराचा एक नियम आहे. हरणाच्या शिकारीचा हंगाम सुरू होण्याआधीच्या रविवारी माझ्या पोटावर कॉफीची बशी धरायची, कोळशाने तिच्याभोवती गोल काढायचा आणि तीस पावलांवरून तीन बाण मारायचे. तिन्ही बशीत बसले तर जंगलात जायचे. एक जरी बाहेर गेला, तर त्या वर्षी शिकारीच्या खोपटात बसून इतरांसाठी पॅनकेक भाजायचे. नियम हेल्मीच्या वडिलांचा. चुकीच्या जागी बाण लागलेले हरीण दोन दोन दिवस तडफडते, आणि त्याला तुमच्या सबबी कळत नाहीत, असे ते म्हणत. हेल्मीने या नियमाने एकदाही पॅनकेक भाजले नव्हते. आर्वोने दोनदा भाजले होते आणि दोन्ही वेळा जाळले होते.

तीन वर्षांपूर्वी हेल्मीचा उजवा खांदा बिघडला. ऑपरेशन झाले. हात वर जाऊ लागला, ती मागावर पुन्हा बसू लागली. पण धनुष्य काही ओढता येईना. मग मला कोण विचारतो? सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागच्या लाकूडखोलीत मला उताणी टाकली. उंदराच्या एका जोडप्याने माझ्या पाठीला भोक पाडून संसार थाटला. दोन हंगाम मी तशीच पडून राहिले आणि दोन हंगाम हेल्मीने खोपटात पॅनकेक भाजले. "भाजते तव्यावर, बघते खिडकीबाहेर," असे आर्वो एकदा लाकडे न्यायला आला तेव्हा स्वतःशीच पुटपुटला. त्या दिवशी मला फार वाईट वाटले.

आणि गेल्या वर्षी, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, हेल्मीने लाकूडखोलीचे दार धाडकन उघडले. उंदरांना बाहेरची वाट दाखवली, माझ्या पाठीला ठिगळ लावले आणि मला अंगणात लाकडांच्या ढिगाला टेकवून उभे केले. ओट्यावर एक नवाकोरा खोका होता. त्यातून निघाला क्रॉसबो: बंदुकीसारखा खांद्याला लावायचा, पण पुढे आडवे धनुष्य आणि गोळीच्या जागी बाण. दोरी एकदा मागे ओढून अडकवली की ती अडकूनच राहते. नेम धरेपर्यंत हात ताणून उभे राहायला नको.

"हे काय, शिवणयंत्र आणलंस?" आर्वोने विचारले. त्याचे वय एकाहत्तर, हेल्मीचे सदुसष्ट. पण एकमेकांना टोचायच्या बाबतीत दोघे अजून दहाच्या पुढे गेलेले नाहीत.

"क्रॉसबो आहे."

"तेच ते. चाप ओढला की झालं. बाबा असते तर हसले असते."

"बाबा असते तर त्यांनी आधी हात धुतले असते. वेलचीच्या पावाचे चिकट हात लावू नकोस त्याला."

हेल्मीने माहितीची पुस्तिका उघडली आणि ओळीवर बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक स्क्रू पान्याने तपासला. चार सैल निघाले. धनुष्याच्या दोन्ही पात्यांवरून बोट फिरवून कुठे तडा आहे का पाहिले. दोरीला मेण चोळले. आर्वोची चुळबुळ सुरू झाली.

"कारखान्यातून तपासूनच येतं गं सगळं!"

"कारखान्याला हरीण मारायचंय का? मला मारायचंय."

नेम आधी आर्वोने बसवायचा, असे ठरले. त्याने पुढच्या रिकिबीत, म्हणजे पाय अडकवायच्या कडीत, पाय घातला, दोन मुठींच्या ओढदोरीने दोरी मागे आणून अडकवली, बाण मधल्या लांब पन्हळीत ठेवला, आणि मोठ्या रुबाबात क्रॉसबो उचलला. डाव्या हाताचा अंगठा थेट दोरीच्या वाटेत. ठणकन आवाज झाला. बाण सुटल्याचा नव्हे. हेल्मीने कॉफीचा चमचा त्याच्या बोटावर मारला होता.

"अंगठा खाली! तो गेला तर पॅनकेक उलटणार कशाने?"

आर्वोने अंगठा खाली घेतला आणि तीन बाण मारले. क्रॉसबोवरच्या नेमाच्या दुर्बिणीची कळ थोडी फिरवली आणि पुढचे तीन मारले. तिन्ही बशीत. मित्रांनो, त्या क्रॉसबोचा बाण म्हणजे काय सांगू! पोटातला लग्नाचा सदरा हलला.

मग हेल्मीची पाळी. दोरी तिने स्वतःच ओढली. पहिला बाण बशीच्या डाव्या काठावर. दुसरा काठाबाहेर. तिसरा आणखी चार बोटे डावीकडे.

"चष्मा बदल," आर्वो म्हणाला.

"चष्मा जूनमध्येच बदललाय."

"मग श्वास रोखत नसशील. आण इकडे." त्याने कळ फिरवली. या वेळी हेल्मीचे पहिले दोन बाण बशीत बसले, तिसरा पुन्हा डावीकडे बाहेर. खात्री करायला आर्वोने एक मारला, तर तो उजवीकडे गेला. त्याने कळ पुन्हा उलटी फिरवली. असा खेळ दुपारपर्यंत चालला. माझ्या पोटाची चाळण झाली. शेवटी आर्वोने तीन बाण मारले आणि तिन्ही बशीच्या मधोमध बसले. क्रॉसबो ठणठणीत होता, दुर्बीण ठणठणीत होती. दोष कुणाचा, हे कुणी बोलायची गरज उरली नाही.

हेल्मी ओट्यावर जाऊन बसली. "या वर्षीही पॅनकेकच," ती म्हणाली. आर्वोने तिला कॉफी ओतून दिली. मला ओरडून सांगावेसे वाटत होते की माझ्याकडे बघा, सगळे माझ्या पोटावर लिहिले आहे! पण गोणीला तोंड असते ते शिवलेले.

हेल्मीने कॉफी बशीत ओतली, फुंकर घातली, आणि बशी खाली ठेवता ठेवता तिची नजर बसायच्या सतरंजीवर गेली. ऑपरेशननंतर विणलेली ती पहिली सतरंजी. विकायची लाज वाटली म्हणून ओट्यावर पडलेली. तिचा काठ सुरुवातीला सरळ होता आणि पुढे पुढे डावीकडे कलत गेला होता. हेल्मीने सतरंजीकडे पाहिले. माझ्याकडे पाहिले. मग ती ताडकन उठली आणि सतरंजी ओढत आणून माझ्या पोटाशेजारी धरली.

"आर्वो, हे बघ! बाण आणि काठ, दोन्ही एकाच बाजूला चाललेत."

"मग?"

"मग काय मग! पट्ट्या घट्ट बसवायची मागाची फणी मी दोन्ही हातांनी ओढते. उजवा खांदा दमला की उजवीकडची ओढ कमी पडते आणि विणकाम तिरकं होतं. तसंच इथे होतंय. माझा डोळा चुकत नाहीये, माझी ओढ चुकतेय!"

"गप गं. दोरी दोरी असते."

"पैज नको लावूस, हरशील. गोणीला विचारू या."

तिने सैल असलेल्या दोरीवर, पन्हळीच्या दोन्ही बाजूंना लागून, लाल पेनाने दोन खुणा केल्या. आर्वोला दोरी ओढायला सांगितली. दोन्ही खुणा पन्हळीला बिलगून सारख्या आल्या. भरलेला क्रॉसबो नुसता सैल करता येत नाही, म्हणून त्यात बाण लावून मारला, तो मला मिळाला. मग तिने ओढली. एक खूण पन्हळीच्या आत शिरली होती आणि दुसरी बाहेर सरकली होती. फरक तांदळाच्या दाण्याएवढा. तीस पावलांवर तोच दाणा चार बोटांचा होत होता.

तो बाणही मला मिळाला, डावीकडे. पण या वेळी हेल्मी हसत होती.

खांदा काही नवा मिळणार नव्हता. तिने रिकिबीत पाय घातला, गुडघे वाकवले, दोन्ही हात सरळ ठेवले आणि मुठी धरल्या. "हात नुसते आकडे," ती स्वतःला बजावत होती, "ओढायचं मांड्यांनी." आणि ती हळूच उभी राहिली. दोरी टक् करून अडकली. तिने वाकून खुणा पाहिल्या. सारख्या होत्या.

आर्वोने कोळशाने नवा गोल काढला. गोल मोठा काढायचा मोह त्याला झाला असावा. पण वडिलांचा नियम तो नियम, त्याने बशी घट्ट धरूनच रेघ ओढली.

पहिला बाण मधोमध. हेल्मीने पुन्हा गुडघे वाकवले, पुन्हा खुणा पाहिल्या. दुसरा त्याच्या बोटभर खाली. तिसऱ्याच्या वेळी अंगणात कुणी श्वास घेत नव्हते. मी तर घेतच नाही. आणि कडाड असा आवाज झाला! तिसरा बाण पहिल्या बाणाच्या शेपटीत घुसून तो उभा चिरला होता.

"अगं, नवा बाण मोडलास की!" आर्वो ओरडला. मग त्याने टोपी काढली, टोपीनेच डोळे पुसले, आणि डोळ्यांत कुसळ गेल्याचे उगाचच तीनदा सांगितले. हेल्मीने त्या तिरक्या सतरंजीचा पदर डोक्यावर घेऊन अंगणात एक गिरकी घेतली. तीस वर्षांत मला एवढा आनंद झाला नव्हता.

त्या हंगामात मलाही गाडीत घालून खोपटावर नेले. रोज संध्याकाळी हेल्मी जंगलातून परतायची आणि क्रॉसबो मोकळा करायला एक बाण मला द्यायची. आठ संध्याकाळी मी आठ बाण खाल्ले. नवव्या संध्याकाळी ती परतली, क्रॉसबो खुंटीला टांगला आणि मला काहीच मिळाले नाही. मी ओळखले, आजचा बाण हरणाला मिळाला. जरा वेळाने आर्वो कंदील आणि दोर शोधत बाहेर आला आणि हसत हसत मला एक चापट मारून गेला.

मित्रांनो, आता माझे पोट पुढे आले आहे आणि ठिगळे माझ्या मूळ अंगापेक्षा जास्त झाली आहेत. तरी हेल्मी दर रविवारी माझी शिवण तपासते आणि पाऊस आला की मला ओट्यावर घेते. तुमच्याही घरी मार खाऊन खाऊन चाळण झालेले काहीतरी असेल. त्याला लाकूडखोलीत टाकण्याआधी एकदा त्याच्या तोंडाकडे नीट बघा. आणि नवी वस्तू आणलीत की तिचे स्क्रूच नव्हे, आपली ओढही तपासा. एवढीच माझी विनवणी.

या वर्षीच्या बशीच्या रविवारी आर्वोने आपले जुने धनुष्य आणले. पहिला बाण बशीत, दुसरा बशीत, तिसरा लाकडाच्या ढिगात. हेल्मी घरात गेली, क्रॉसबो आणून ओट्यावर ठेवला आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आर्वोने इकडे पाहिले, तिकडे पाहिले. हात पाटलोणीला पुसले. रिकिबीत पाय घातला, गुडघे वाकवले आणि हळूच उभा राहिला. मग लाल खुणांवर नाक टेकवून हाक मारली,

"हेल्मी, जरा बघ गं, दोन्ही सारख्या आल्यात ना?"

"मला काय विचारतोस?" आतून आवाज आला. "गोणीला विचार."