संबोधीने चेक केलं नाही

मुलीचा खेळ बघायला ज्ञानदीप पहिल्यांदाच आले होते, आणि तेही कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, जणू कुणाच्या साखरपुड्यालाच. सगळी नोकरी महूच्या लष्करी कचेरीत गेलेली. त्यांचे वडील, नथू, पलटणीत होते. घरात पत्त्यांचा कॅट दिसला की ते सरळ चुलीत घालायचे. आणि त्यांचीच नात, सांवेर रोडच्या एका कारखान्यात इंजिनियर असलेली संबोधी, आज राजेंद्र नगरच्या सभागृहात पोकरच्या स्पर्धेत शेवटच्या तिघांत बसली होती.

पैशाचा खेळ नव्हता. सुरुवातीला सगळ्यांना सारख्या चिप्स द्यायच्या, ज्याच्या संपल्या तो उठला. जिंकणाऱ्याला कप, आणि पहिल्या दोघांना राज्याच्या संघात जागा.

उरलेल्या दोघांपैकी संजीव शाळेत गणित शिकवायचा. त्याच्यासमोर आता चिप्सची लहानशी चळत राहिली होती. दुसरा भूषण, गेल्या वर्षीचा विजेता, होळकरांच्या पदरी असलेल्या जुन्या घराण्यातला. त्याचे काका कृष्णराव ज्ञानदीपांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून, न विचारताच, त्यांना खेळ समजावत होते.

"प्रत्येकाचे दोन पत्ते झाकलेले. मधे पाच उघडणार, ते सगळ्यांचे. मिळून ज्याची पानं भारी, तो जिंकला. बघा, बघा, संजीवने ऑल-इन केलं!"

संजीवने होत्या नव्हत्या तेवढ्या चिप्स पुढे सरकवल्या होत्या. भूषणने तेवढ्याच टाकल्या. संबोधीनेही टाकल्या.

"आता मजा बघा," कृष्णराव म्हणाले. "संजीवला आता करण्यासारखं काही नाही, नुसतं बघायचं. हे दोघं पुढे काही न लावता शेवटपर्यंत चेक करत जातील. एकाच्या जागी दोघं त्याच्या विरुद्ध राहिले तर तो बाहेर जायचा चान्स जास्त ना! तो गेला की दोघांची जागा पक्की. शहाण्या खेळाडूंची रीतच आहे ती."

"म्हणजे दोघं मिळून एकाला?" ज्ञानदीपांना ते काही रुचलं नाही.

"मिळून नाही हो. ज्याचं त्याला कळतं."

मधले तीन पत्ते उघडले. राजा, नव्वी, चौकी. आणि तेवढ्यात भूषण हसत म्हणाला, "मॅडम, चेक-चेक करत जाऊ ना आपण. संजीवभियाला घरी पाठवू, दोघं आरामात टीममध्ये."

संबोधीने मान वर केली. "डाव चालू असताना असं ठरवता येत नाही, भूषणजी."

स्पर्धेची व्यवस्था मधुरिमा बघत होती. ती पुढे आली. "भूषण, ही वॉर्निंग समज. पत्त्यांबद्दल बोलायचं नाही. खेळ चालू."

भूषणने खांदे उडवले आणि टेबलावर बोट आपटून चेक केलं. आता पाळी संबोधीची. तिने आपल्या पत्त्यांचे कोपरे पुन्हा उचलून बघितले, क्षणभर थांबली, आणि चिप्सची एक चळत पुढे ढकलली.

"बेट."

सभागृहात कुजबुज झाली. कृष्णराव खुर्चीत पुढे सरकले. "अरे! हे काय केलं? संजीवशी या चिप्सचा संबंधच नाही, हा नवा ढीग फक्त यांच्या दोघांचा. आणि त्यात आहे काय? काहीच नाही! कशासाठी मारामारी?"

भूषणने तिच्याकडे रोखून बघितलं आणि पत्ते उलटे टाकून डाव सोडला. आता संबोधी आणि संजीव दोघंच उरले, म्हणून त्यांचे पत्ते उघडले. तिच्याकडे राजा आणि राणी, म्हणजे मधल्या राजाबरोबर राजांची जोडी. संजीवकडे एक्का आणि पंजी. चौथा पत्ता आला, अठ्ठी. भूषणच्या तोंडून आवाज निघाला. आणि पाचवा एक्का! एक्क्यांची जोडी झाली, संजीव वाचला.

"नव्वी-अठ्ठी टाकली मी!" भूषण उठूनच उभा राहिला. "दोन जोड्या झाल्या असत्या माझ्या. आत्ता बाहेर गेला असता हा! एटिकेट नावाची काही चीज असते की नाही यार?"

मधुरिमाने चहाची सुट्टी जाहीर केली. कृष्णराव ज्ञानदीपांकडे वळले. "मुलीला जरा समजवा, ज्ञानदीपजी. चार लोकांत बसायचं तर रीतभात हवी."

ज्ञानदीपांचे कान तापले. मुलीला कुणी काही ऐकवलेलं त्यांना मुळीच खपायचं नाही. ते उठून कॉरिडॉरमध्ये गेले. संबोधी खिडकीपाशी कागदी कपातला चहा पीत होती.

"बेटा, सॉरी म्हणून टाक. मिटेल. चूक झाली असेल."

"चूक नाही झाली, पप्पा."

"ते काका म्हणतात, चेक करायची रीत आहे."

"आहे ना. मीसुद्धा चेकच करणार होते."

"मग?" ज्ञानदीपांनी विचारलं.

"तो बोलला नसता तर चेकच केलं असतं," ती म्हणाली. "राजा होता तरी. तो जरा अंदाजाचा मामला असतो, दोन्ही चालतं. पण तो सगळ्यांसमोर बोलला. त्यानंतर मी चेक केलं असतं तर तो माझा होकार झाला असता. संजीवसर समोर बसलेत, त्यांच्या हातात काही नाही, आणि आम्ही दोघं ठरवून त्यांना काढतोय, असं. हातात काही नसताना मी बेट केलं असतं ना, तर भूषणचं रागावणं बरोबर होतं. पण माझ्याकडे राजा होता. मी माझे पत्ते खेळले."

"आणि त्यात तुझी जागा गेली तर?"

"तर गेली."

तिने हे अगदी सहज म्हटलं. आयुष्यभर कचेरीत ज्ञानदीपांनी "आपण आपसात मिटवून घेऊ" म्हणणारी माणसं बघितली होती, आणि कितीदा तरी मान खाली घालून गप्प बसले होते. ही पोरगी मान वर करून बोलली होती, तेही खेळात. त्यांनी तिच्या हातातला रिकामा कप घेतला. "जा. बेल झाली."

परत येऊन बसल्यावर ते कृष्णरावांना म्हणाले, "काकासाहेब, विचारलं मी तिला. तिचं बरोबर आहे. माफी मागायची असेल तर भूषणने संजीवची मागावी."

कृष्णरावांनी चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा लावला.

पुढचे डाव भूषण रागाच्या भरातच खेळला. चिप्स निम्म्या झाल्या, मग त्याच्याही निम्म्या, आणि शेवटी त्यानेच ऑल-इन केलं. संजीवने तेवढ्याच चिप्स टाकून कॉल केलं, संबोधीनेही. पत्ते उघडत गेले. संबोधीने चेक केलं, संजीवने चेक केलं. कुणी कुणाकडे बघितलंसुद्धा नाही. शेवटी संजीवची छोटीशी जोडी भारी ठरली, आणि भूषण बाहेर गेला.

"आता बरं चेक केलं," भूषण कडवटपणे म्हणाला.

"आता माझ्याकडे काहीच नव्हतं," संबोधीने पत्ते उलटून दाखवले. सत्ती आणि दुर्री. "आणि आम्ही दोघं काही बोललो नव्हतो."

भूषणने त्या पत्त्यांकडे बघितलं. मग संजीवपुढे हात केला. "मघाशी जे बोललो ते बोलायला नको होतं भिया." संबोधीला त्याने फक्त मान हलवून दाखवली.

कप शेवटी संजीवने जिंकला. संबोधी दुसरी आली, संघात तिची जागा झाली. फोटो निघाले. ज्ञानदीप मागे उभे होते, तर मधुरिमाने त्यांना ओढून पुढे आणलं. "तुम्हीच शिकवलं का हिला, काका?"

"नाही हो. मला पत्त्यांतलं काही येत नाही," ज्ञानदीप म्हणाले. मग शर्टाची कॉलर सारखी करत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी पुढे जोडलं, "पण मुलगी माझी आहे."