उसना कान

"मामा, अजून चर्र करतोय हो," गिटारवाली ओशाळून म्हणाली आणि तिने गिटारचा आवाज मोठा करणारा अँप पुन्हा काउंटरवर ठेवला.

सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. गेल्याच आठवड्यात मामांनी तो अँप उघडून, तपासून, ठणठणीत आहे म्हणून परत दिला होता. त्यांच्या कानांपुरता तो ठणठणीत होताही. घुमणारे जाड आवाज त्यांना अजून ऐकू येत. बारीक आवाज मात्र वर्षभरापासून परागंदा झाले होते. व्हॉल्व्हचे, म्हणजे काचेच्या नळ्यांचे, जुने अँप दुरुस्त करणाऱ्याला ऐकू येत नाही, म्हणजे स्वयंपाक्याच्या जिभेला चव नसण्यातलाच प्रकार. त्यांनी हे कोणाला कळू दिलं नव्हतं. आज संध्याकाळी या गिटारवाल्या पोरीचा कार्यक्रम होता. हा अँप शेवटचा, मग दुकान बंद, असं त्यांनी मनाशी ठरवलं आणि त्यांना फार वाईट वाटलं.

त्यांनी अँप चालू केला. दुकानामागेच घर होतं. मामी चहा घेऊन आल्या आणि कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "तापल्या तेलात पाण्याचा थेंब पडल्यासारखा वाजतोय."

"तुला येतंय ऐकू?"

"मला येतंय. तुम्हाला येत नाही, हेही ठाऊक आहे. किटली शिट्ट्या मारून दमते आणि तुम्ही शांतपणे चहाची वाट बघत बसता."

मामांचा चेहरा पडला; मग त्यांना हसूच फुटलं. ज्या घरात एवढं झाकून ठेवलं, तिथेच सगळं जगजाहीर होतं.

मामी त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. मामांनी वीज बंद करून पहिला व्हॉल्व्ह काढला, पुन्हा चालू केलं. आवाज आहेच, मामी म्हणाल्या. दुसरा काढला, तेव्हा गेला. त्याच्या जागी नवा व्हॉल्व्ह बसवला, तर आवाजाची स्वारी पुन्हा हजर. म्हणजे व्हॉल्व्ह बिचारा निर्दोष. त्याला वीज पोचवणारा जुना रेझिस्टर आतून बिघडलेला. आता मामांचे हात सरसर चालू लागले. वीज काढून, आत साठलेली वीजही उतरवून त्यांनी नवा रेझिस्टर डाख देऊन बसवला. अँप चालू केला आणि अँपकडे न बघता मामींच्या तोंडाकडे बघितलं.

मामींनी डोळे मिटले. "काही नाही. नुसतं शांत."

गिटारवालीने तारा छेडल्या तशी काउंटरवरची कपबशी थरथरली. दुकानातल्या गोंगाटावरून इतकी वर्षं भांडलेल्या मामी चक्क पायाने ठेका धरत होत्या. मामांना तर आनंदाने काय करू नि काय नको असं झालं होतं.

"कानामागून आली आणि तिखट झाली," ते गिटारवालीला हळूच म्हणाले. अर्थात मामींना ते ऐकू गेलंच.

दुकान बंद करायचा विषय मामांनी काढलाच नाही. दुसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ कुरकुरणारा अँप घेऊन आले आणि आवाज कसा येतो ते सांगू लागले.

"मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत," मामा सरळ म्हणाले. "जरा थांबा."

मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी मोकळ्या गळ्याने हाक मारली, "अगं, जरा कान देतेस का?"