तुमचा नेहमीचा रस्ता

फोनमधल्या बाईवर नचिकेतचा जेवढा विश्वास होता तेवढा लग्नाच्या बायकोवर नव्हता, आणि हे तो लपवतही नसे. जपानातल्या उरायासुच्या घरून निघाल्यापासून ती बाई मराठीत "डावीकडे वळा", "उजवीकडे वळा" म्हणत होती आणि हा पठ्ठ्या निमूट वळत होता. केतकीने पाटी वाचून काही सुचवलं की म्हणायचा, "अगं, तिला वरून दिसतं सगळं." ऑफिसात रोज जपानीत भांडणारी बायको शेजारी बसवून हा माणूस आकाशातल्या बाईचं ऐकत होता.

सुट्टीची कल्पनाही त्याचीच. भाड्याची गाडी घ्यायची, दक्षिणेच्या डोंगरांतून फिरायचं, गरम पाण्याच्या झऱ्यात डुंबायचं आणि केतकीला एकदाचं घराबाहेर काढायचं. कारण चार वर्षांपूर्वी तिचा धाकटा भाऊ पुष्कर, क्योतोला पीएचडी करणारा, एका रविवारी खोलीतून बाहेर पडला तो परत आलाच नाही. रविवारी तो भटकायला जायचा, पण कुठे ते कोणाला सांगायचा नाही. स्टेशनच्या कॅमेऱ्यात पाठीवर सॅक लावलेला दिसला, फोनचा शेवटचा सिग्नल तिथलाच. पोलिसांनी शोधलं, विद्यापीठाने शोधलं, मग एकेकाने हात टेकले.

पुण्यात आई मात्र हटून बसली होती. देह मिळाला नाही, म्हणजे मुलगा आहे. कोणी दिवस-कार्याचा विषय काढला की ती उठून आत जायची. केतकीला आईसारखं हटून बसणंही जमेना आणि आशा सोडणंही जमेना. चार वर्षं ती अशी मधल्यामध्ये लटकली होती, आणि त्याने ती आतून पार थकून गेली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी डोंगरातल्या एका फाट्यावर ते थांबले. बसथांबा, त्याला लागून एक छोटं दुकान, दाराशी कॉफीचं मशीन. नचिकेत नाणी शोधत होता. केतकी पुढचा रस्ता बघायला गेली, तर गाडीत लावलेल्या तिच्याच फोनच्या पडद्यावर एक ओळ आली होती. 'तुमच्या नेहमीच्या रस्त्याने जायचं?'

"बघ, तुझी बाई बिघडली," ती हसत म्हणाली. "मी इथे जन्मात पहिल्यांदा येतेय."

सहज म्हणून तिने नकाशावर त्या दुकानावर बोट ठेवलं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, 'तुम्ही इथे गेल्या आठवड्यात आला होतात.'

गेल्या आठवड्यात ती ऑफिसात होती. सगळा आठवडा. तिने पुन्हा वाचलं. मग फिरण्याचा जुना इतिहास उघडला, जो तिने कधीच उघडला नव्हता. तिचं स्वतःचं घर, स्टेशन, ऑफिस तिथे होतंच, आणि त्याच दिवसांत, त्याच वेळी, इथल्या डोंगरातही ती चालत होती. एका घरापासून वर रानात, रानातून परत घरी. काल. परवा. मागच्या महिन्यात. नववर्षाच्या दिवशी, वादळाच्या दिवसांत, रोज. आणि आजचीही एक रेघ होती, अर्धवट, वर गेलेली.

आपल्या नावाने कोणीतरी इथे राहतंय, असं केतकीला वाटलं.

नचिकेतने कॉफीचे डबे टपावर ठेवून फोन घेतला. "अकाउंट हॅक झालंय. हे बघ, दुसरं डिव्हाइस लॉग-इन आहे. काढून टाक ते आणि पासवर्ड बदल. सिंपल."

तिचं बोट 'काढून टाका'वर गेलं आणि तिथेच राहिलं. वर त्या फोनचं मॉडेल लिहिलं होतं. कोपरा फुटलेला, मागे निळं कव्हर असलेला तिचा जुना फोन. पुष्कर क्योतोला आला तेव्हा तिनेच तो त्याला कुरिअरने पाठवला होता. आपल्या घरांत फोन धाकट्याकडे जातो तो सगळ्या सामानासकट जातो, कोण कशाला त्यातलं आपलं नाव पुसत बसतो! पुढे पुष्करने नवा घेतला. पोलिसांनी शोधला तो नवा. जुना कुठे गेला हे ना कोणी विचारलं, ना कोणाला आठवलं.

"नचिकेत," ती म्हणाली, "हा पुष्करचा फोन आहे. आणि हा आज चालतोय."

नचिकेतने गाडीत बसून, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, फोनला न विचारता बायकोला विचारलं, "कुठून वळू?"

केतकीने पडद्यावरच्या 'नेहमीच्या रस्त्या'वर बोट ठेवलं. रस्ता अरुंद होत गेला. दोन्ही बाजूंना सीडरची उंच झाडं, दिवसाही खाली उजेड नाही. घरं लागली, पण दारं फळ्या ठोकून बंद. एका अंगणात चपला नीट जोडीने मांडलेल्या होत्या आणि त्यांत शेवाळ वाढलं होतं. वळणागणिक धुकं खाली उतरत होतं. केतकीला ते काहीच दिसत नव्हतं. पुष्करची स्मृती गेली असेल. कोणाच्या तरी शेतावर राबत असेल. चिडून बसला असेल, काहीही असेल, पण असेल. आशा म्हणजे चिवट जात, चार वर्षं उपाशी ठेवली तरी एका घासावर उठून उभी राहिली.

"तुम्ही पोहोचला आहात," बाई म्हणाली.

जुनं पण झाडून ठेवलेलं घर. दाराला कुलूप नव्हतं. केतकीने तीनतीनदा हाका मारल्या, आतून उत्तर आलं नाही. ओट्यावर एक पुरुषी बूटजोड होता, पुसलेला. तो तिने उचलून पाहिला. आतला नंबर पुष्करचा होता.

"केतकी," नचिकेत दबक्या आवाजात म्हणाला. "हे बघ."

पडद्यावर त्यांचा निळा ठिपका घरापाशी थांबला होता. जुन्या फोनचा दुसरा ठिपका वरच्या रानातून खाली येत होता. थांबत, पुन्हा सरकत. दोघांनी वर पाहिलं. धुक्यापलीकडे काही नव्हतं. मग घंटा ऐकू आली. अस्वलं दूर राहावीत म्हणून डोंगरात जाणारे सॅकला बांधतात तसली, पावलागणिक एकदा वाजणारी. घंटा जवळ आली तसा ठिपका जवळ आला.

"पुष्कर!" केतकी ओरडली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. "पुष्कर, मी आलेय रे!"

घंटा थांबली. ठिपकाही थांबला. क्षणभर सगळं रान कान देऊन उभं असल्यासारखं वाटलं.

मग धुक्यातून एक म्हातारी बाहेर आली. कमरेत वाकलेली, हातात काठी, कमरेला घंटा, गळ्यात कापडी पिशवी. पिशवीतून निळं कव्हर डोकावत होतं, आणि त्यातला मराठी आवाज म्हणत होता, "शंभर मीटरवर तुमचं घर आहे."

केतकी मटकन ओट्यावर बसली. मेलेल्या आशेचं दुःख मोठं असतं, पण नुकत्याच उठून बसलेल्या आशेला पुन्हा झोपवणं त्याहून वाईट. तिला रडूही आलं नाही.

म्हातारीचं नाव फुमि-सान. मनाने ती कधी इथे होती, कधी नव्हती. नवरा संध्याकाळी जेवायला येतो, असं तिने एका दमात सांगितलं आणि दुसऱ्या दमात त्याच्या समाधीची जागा दाखवली. पण पुष्करबद्दल ती चुकत नव्हती. तो रविवारी यायचा, इथेच ठेवलेले जुने बूट चढवून लाकडं फोडून द्यायचा, तिच्या हातचा भात खायचा. एकदा ती रानात वाट चुकली, तेव्हापासून त्याने हा फोन तिच्या गळ्यात घातला. सिमचे पैसे तिचा ओसाकातला मुलगा भरतो. फोन नगरपालिकेनेच दिला असावा, अशी त्याची समजूत.

"भाषा कळते तुम्हाला याची?" केतकीने विचारलं.

"दावीकडे," म्हातारीने डावा हात वर केला. "उजवीकडे," उजवा केला. "माणसाचा आवाज आहे. एवढं पुरतं."

"आजी, पुष्कर कुठे आहे?"

"वर," फुमि-सान सहज म्हणाली. "त्याच्याकडूनच आत्ता आले. थांब म्हणाला."

मग तिघांनी वरची वाट धरली. म्हातारी पुढे, घंटा वाजवत; तिने गळ्यातल्या फोनवर पुष्करने जतन केलेली वाट लावली, तशी ती केतकीच्या फोनवरही उमटली. केतकीला दम लागत होता तो चढाचा नव्हता. पायाखालची वाट नुसत्या एका माणसाच्या येण्याजाण्याने गुळगुळीत झालेली होती. वर एका मोकळ्या जागी लाकडाचा ओंडका होता, बसून बसून झिजलेला. त्याच्यापुढे वाट कड्यावर जाऊन एकाएकी संपत होती. डोंगराचा अख्खा तुकडा पूर्वी कधीतरी खाली गेला होता, आणि त्या भेगेत आता कंबरभर गवत आणि धुकं साठलं होतं.

दोन्ही फोन जवळजवळ एकदमच बोलले. "सरळ पुढे जा."

नकाशावर रस्ता तसाच शाबूत होता. दरीवरून पलीकडे गेलेला.

नचिकेतने केतकीचा दंड घट्ट धरला. फुमि-सान ओंडक्यावर बसली. "इथे बसा म्हणाला. पुढे रस्ता आहे का बघून येतो म्हणाला. वरून मातीचा मोठा आवाज आला. मी अंधार पडेपर्यंत बसले. दुसऱ्या दिवशीही आले. खाली नगरपालिकेच्या ऑफिसात सांगितलं, तर ते म्हणाले, आजी, तुमचा नवरापण येतो ना जेवायला?"

केतकीने खालच्या धुक्याकडे पाहिलं. चार वर्षं ती ज्या प्रश्नात लटकली होती त्याचं उत्तर इतकं जवळ, इतकं साधं होतं. रोज कोणीतरी त्याच्या उशाशी येऊन बसत होतं, आणि तिला मात्र पत्ता नव्हता. मागे नचिकेत मोडक्या जपानीत पोलिसांना ठिकाण सांगत होता. फुमि-सान चुळबुळत पुटपुटू लागली. त्याला नेलं आणि मग तो इथे आला तर? मी दिसले नाही तर?

तिच्यासमोर केतकी गुडघ्यांवर बसली. आईला सांगायला जे शब्द चार वर्षं जिभेवर आले नव्हते, ते परक्या भाषेत आले. "आजी, पुष्कर आता येणार नाही."

म्हातारीचे डोळे एकदम स्वच्छ झाले. तिने कमरेची घंटा मुठीत धरली, वाजू नये म्हणून.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "पण मग रोज उठून जायचं कुठे?"

केतकीने तिचा हात धरून ठेवला. मग दुसऱ्या हाताने पुण्याला फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"आई," ती म्हणाली. "पुष्कर..."

"सापडला?" आईने विचारलं. कसा आहे, ते तिने विचारलं नाही.