सत्ताविसाव्या कुंडीतली तिळवण

सोमवारी सकाळी नऊला श्रद्धा बोंडे कॉलेजच्या जाळीघरात शिरली आणि तिला वाटलं, आपण चुकून कुणाच्या तरी लग्नमांडवात आलो. तिच्या चाळीसच्या चाळीस कुंड्या गेरूने लालबुंद झाल्या होत्या. प्रत्येकीच्या काठाला चुन्याचा पांढरा पट्टा. नंबर मात्र एकीवरही नव्हता.

"सोनबामामा, नंबर कुठे गेले?"

"हायेत की, रंगाखाली," माळी सोनबा अभिमानाने म्हणाला. "प्राचार्य बोलले, समिती येनार, समद्या येकसारख्या दिसल्या पायजेत. आन् मांडल्या बी उंचीपरमानं."

म्हणजे जागाही बदलल्या होत्या. गेरू नखाने खरवडला तर खालचा नंबरही त्याच्याबरोबर निघून येत होता. शनिवारी आलेल्या तपासणी समितीने जाळीघर दारातूनच पाहिलं, "छान" म्हटलं आणि ती पोह्यांकडे वळली. श्रद्धा तेव्हा कात्रजच्या खोलीत बसून तोंडी परीक्षेची उत्तरं पाठ करत होती.

ती परीक्षा आज दुपारी तीनला होती. पीएच.डी.ची. बाहेरून येणाऱ्या परीक्षक डॉ. मेहजबीन मुजावर यांनी आधीच कळवलं होतं, 'सत्ताविसाव्या कुंडीतलं झाड प्रत्यक्ष पाहायचं आहे.' त्यांची शिफारस आज गेली नाही तर महिनाअखेर पदवी नाही, आणि पदवी नाही तर अमरावतीची प्राध्यापकाची जागा यादीतल्या पुढच्या नावाला. तिकडे वाशीमला आईने 'आमची डॉक्टर श्रद्धा' म्हणायला सुरुवातही केली होती. दोन शेजारणी गुडघे दाखवायला तिची वाट बघत होत्या.

आता त्या सत्ताविसाव्या कुंडीत असं काय होतं? तण. रस्त्याकडेला उगवणारी, बोटांना चिकटणारी पिवळी तिळवण. हिची एक चुलत बहीण आहे, पांढरी तिळवण. घराणं एक, पण उन्हातलं वागणं निराळं. पिवळी जुन्या वळणाची. पानात हवा शिरली की जी पेशी समोर येईल ती कार्बन पकडते आणि साखर करायला घेते. ऊन तापलं की तिचा गोंधळ उडतो, कार्बनऐवजी प्राणवायूच पकडला जातो आणि केलेलं काम निस्तरण्यात दिवस जातो. पांढरीने लाखो वर्षं खर्चून खराडीच्या आयटी कंपन्यांसारखी व्यवस्था केली. बाहेरच्या पेशी गेटवर उभ्या. त्यांनी फक्त कार्बन पारखून घ्यायचा आणि शिरेभोवती कडं करून बसलेल्या आतल्या पेशींकडे पोचवायचा. साखर बनणार ती आतच. उसाचीही हीच रीत.

जुन्या रीतीवरून नवीवर कुणी एका पिढीत जात नाही. त्यामुळे मधल्या पायरीवर उभं असलेलं झाड सापडलं, की वनस्पतिशास्त्राची माणसं जेवायची विसरतात. मांजरी गावच्या उसाच्या बांधावरून आणलेल्या बियांतून श्रद्धाला तसं झाड मिळालं होतं. फुलं पिवळी, पण शिरेभोवती अर्धवट कडं. प्रबंधात छापलं होतं, 'चाळीसांत एक.'

छापलं होतं हे खरं. तपासलं होतं हे तितकंसं खरं नव्हतं. तिने सहाच झाडांची पानं कापून पाहिली होती. सहावं, म्हणजे सत्ताविसाव्या कुंडीतलं, तसं निघालं आणि ती तिथेच थांबली. तेव्हा मार्गदर्शक उत्कर्षा मॅडम म्हणाल्या होत्या, "बाकीची पिवळीच आहेत, दिसतंय की. तू मुदत बघ."

आज फोनवर सगळं ऐकून मॅडम एवढंच म्हणाल्या, "काप मग सगळ्यांची पानं. आणि रडायचं असेल तर सूक्ष्मदर्शकापासून लांब."

बटाट्याच्या फोडीत पान धरायचं, ब्लेडने केसासारखा काप काढायचा, काचपट्टीवर ठेवून पाहायचं. एका कुंडीला दहा मिनिटं. तिसऱ्या कुंडीला बोट कापलं. आठव्या कुंडीपर्यंत कुठेच कडं नव्हतं. झाड रंगवताना मेलं असेल तर? सोनबाने 'वाळलं' म्हणून फेकलं असेल तर?

नवव्या कापात अर्धवट कडं दिसलं. तिने त्या कुंडीवर चिठ्ठी चिकटवली, २७. हात जोडले. दहाव्या कुंडीचं पान आधीच बटाट्यात होतं, म्हणून सहज पाहिलं.

तिथेही अर्धवट कडं.

ती कापत राहिली. बाविसाव्या कुंडीत तिसरं सापडलं.

दीडला उत्कर्षा मॅडम आल्या. तिन्ही काचपट्ट्या पाहून म्हणाल्या, "एक कुंडी ट्रेमध्ये ठेव. दोन मागे सरकव."

"मॅडम, ते खोटं होईल."

"खोटं नाही, अपुरं. अपुऱ्यावर या शहरात निम्म्या पदव्या मिळाल्यात. माझी धरून."

तीन वाजले तेव्हा एकतीस कुंड्या झाल्या होत्या. डॉ. मेहजबीन आल्या, चहा नको म्हणाल्या आणि ट्रेमधल्या एकुलत्या कुंडीपुढे उभ्या राहिल्या. "हीच का ती?"

हो म्हणायला एक अक्षर पुरलं असतं. उत्कर्षा मॅडम छताकडे बघत होत्या.

"माहीत नाही, मॅडम. अशी तीन निघालीत. माझं 'चाळीसांत एक' चुकलंय. मी तेव्हा सहाच तपासली होती."

"आणि आज?"

"एकतीस."

"उरलेल्या नऊ?"

"वेळ झाला नाही."

डॉ. मेहजबीननी शिफारशीचा फॉर्म बाहेर काढला होता. तो त्यांनी घडी घालून पुन्हा पर्समध्ये ठेवला. "चौथं प्रकरण नव्याने लिहावं लागेल. बियाही पुन्हा पेराव्या लागतील. महिनाअखेरीपर्यंत होत नाही हे, कळतंय ना?"

"कळतंय."

"तीन म्हणजे अपघात नाही, बाई. तो अख्खा बांधच नव्या रीतीच्या वळणावर असेल." त्यांनी घड्याळ पाहिलं. "माझी गाडी साडेपाचला आहे. बटाटा शिल्लक आहे का?"

श्रद्धाने बत्तिसाव्या कुंडीचं पान खुडलं. अमरावती गेली होती, आणि आईला ते अजून सांगायचं होतं. ब्लेड तिरकं गेलं.

शेजारी स्टूल ओढून बसलेल्या डॉ. मेहजबीननी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"जाड झाला," त्या म्हणाल्या. "दुसरा घ्या."