चाळीस पत्रांची उडी

"आधी आवाज बंद कर. मग पाय बघ. गाणं, संवाद, ढोल-ताशे सगळे मिळून आपल्याला फसवतात. पाय कधी फसवत नाहीत."

हे गुरुजींचे बोलणे. एका चित्रशाळेच्या दुसऱ्या मजल्यावर, पेन्सिलींच्या भुशाने भरलेल्या लांब टेबलाशी उभे राहून ते आपल्या विद्यार्थिनीला सांगत होते. तेव्हा मी त्यांच्या मुठीत होतो.

मित्रांनो, मी एक जुने स्टॉपवॉच आहे. किल्लीचे, पितळी पाठीचे, डोक्यावर एक बटण असलेले. माझ्या चेहऱ्यावर एकच काटा ठळक आहे आणि तो सेकंदाचेही दहा तुकडे करून दाखवतो. एका कारखान्यात, डोळ्याला भिंग लावलेल्या एका बाईने माझ्या पोटात स्प्रिंग बसवली. बसवून झाल्यावर तिने मला कानाशी धरले आणि "चालतंय बाई" असे स्वतःशीच म्हटले. ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

सुरुवातीची काही वर्षे मी धावण्याच्या मैदानावर काढली. तिथे सगळे घाईत असत. मग एका दुकानाच्या काचेत पडून राहिलो आणि तिथून गुरुजींनी मला उचलले. ते हलती चित्रे काढायला शिकवत. एका सेकंदाच्या हालचालीला चोवीस चित्रे लागतात, हे मला तिथे कळले. त्यामुळे उंदीर शिंकायला किती वेळ घेतो, म्हातारा खुर्चीतून उठायला किती वेळ घेतो, हे मोजल्याशिवाय कोणी कागदाला पेन्सिल लावायची नाही, असा गुरुजींचा दंडक होता.

मोजायला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे स्वतः गुरुजीच. पन्नाशी उलटलेले ते गृहस्थ धोतर-सदरा सावरून टेबलावर चढत आणि "लाव वेळ" म्हणत धाडकन खाली उडी मारत. एकदा पाठीवर गोणी घेऊन, एकदा रिकाम्या हाताने. खालच्या मजल्यावरचा शिंपी काठीने छताला ठोकत ओरडे, "गुरुजी, बाही उलटी शिवली गेली माझी." गुरुजी जमिनीला तोंड लावून उत्तर देत, "उसवा, उसवा. आमचंही सगळं उसवूनच चाललंय."

रोज सकाळी कामाआधी मला बारा पीळ किल्ली द्यायची, हा त्यांचा नेम होता. एकही दिवस त्यांनी तो मोडला नाही. पुढे हात थरथरू लागले तेव्हा त्यांनी मला त्याच विद्यार्थिनीच्या ओंजळीत ठेवले. ती आता स्वतः नावाजली होती. सगळे तिला ताई म्हणत.

ताईकडे माझे दिवस सुखात गेले. पण नंतर संगणक आले. चित्रे कुठे, कितवी, किती वेळ, सगळे पडद्यावर आपोआप दिसू लागले. मी खणात गेलो. तिथे माझ्या सोबतीला वाळलेली पेने, ताठर झालेले रबरबँड आणि कुठल्या कुलपाची हे कोणालाच न आठवणारी एक किल्ली होती. तक्रार करत नाही. काम संपलेल्यांनी बाजूला व्हावे, हे मला मान्य आहे. मात्र वर्षातून एकदा ताई मला बाहेर काढी. मुलांच्या चित्रपटांचा एक मेळा भरे आणि त्यातल्या हलत्या चित्रांचा दर्जा ठरवायचे काम तिच्याकडे असे. तिने दहापैकी निदान सहा गुण दिले, तरच चित्रपट मोठ्या पडद्यावर मुलांपुढे जाई. त्या दिवसांत ती मला नेमाने किल्ली देई आणि उशाशी घेऊन झोपे.

यंदा तिच्यापुढे एक चित्रपट आला. मुलांच्या एका व्हिडिओ गेमवरून सहा तरुणांनी दोन वर्षे खपून तो केला होता. नायक एक बोकड. नाव टपाल्या. डोंगरातल्या एका गावात तो गळ्यात पिशवी अडकवून, छपरांवरून उड्या मारत पत्रे वाटतो.

ताईने पडदे ओढले, आवाज बंद केला आणि बोकडाच्या खुरांवर नजर लावली. मला हातात घेऊन ती मोजत राहिली. हळूहळू तिच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुपारी तिने मेळ्याच्या सचिवांना फोन करून आकडा कळवला. चार. यादी संध्याकाळी पाच वाजता फळ्यावर लागणार होती.

थोड्या वेळाने तिची भाची आली. वय अकरा, पाय जमिनीवर न ठरणारे, म्हणून घरातले तिला भिंगरी म्हणत.

"मावशी, टपाल्या बघितलास? किती दिलेस?"

"सांगायचं नसतं ते."

"म्हणजे कमी दिलेस."

ताई हसली. मग तिला वाटले, पोरीला कारण तरी कळू दे. तिने चित्रपट लावला आणि मला भिंगरीच्या तळहातावर ठेवले. "ही गल्ली बघ. खुरं सुटली की दाब, टेकली की पुन्हा दाब."

भिंगरीने दाबले. सेकंदाचे आठ दशांश.

"आता हीच गल्ली, पुढच्या भागात."

एक सेकंद आणि चार दशांश.

"बोकड तोच, गल्ली तीच," ताई म्हणाली. "मग उडी वेगळी कशी? सहा जणांनी सहा भाग वाटून घेतले आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नाही. हा निष्काळजीपणा आहे, बाळा."

भिंगरीने मला टेबलावर ठेवले. "मावशी, तू हा गेम खेळलीच नाहीस ना?"

"मला कुठला वेळ."

"अगं, मग त्याची पिशवी बघ की. पाय काय बघतेस?"

ताईने चित्र मागे नेले. पहिल्या उडीत पिशवी फुगून टम्म होती, शिवण ताणलेली. दुसरीत ती पोटाशी लोंबत होती.

"निघतो तेव्हा चाळीस पत्रं असतात," भिंगरी सांगू लागली. "बटण तेवढंच दाबायचं, पण तो जेमतेम पलीकडे पोचतो. पहिल्या दिवशी अकरा वेळा गल्लीतल्या नाल्यात पाडलं मी त्याला. एकेक पत्र दिलं की तो हलका होतो, मग उडी उंच जाते आणि टेकायला जास्त वेळ लागतो. आमच्या वर्गात सगळ्यांना माहितीय."

"चित्रपटात तर कोणी बोलत नाही तसं."

"बोलायचं कशाला? दिसतंय की."

मग त्या दोघींनी मला घेऊन ती गल्ली पुन्हा मोजायला घेतली. चौदा वेळा टपाल्या ती ओलांडतो. आठ, मग नऊ, मग दहा दशांश. जपमाळेचे मणी सरकावेत तसा काटा पुढे सरकत गेला. आठव्या उडीला मात्र तो एक दशांश मागे आला.

"इथे चुकलेत ते," ताई पटकन म्हणाली. तिच्या आवाजात थोडी सुटका होती, ती मी ओळखली.

"नाही गं. आधीच्या घरातल्या आजीने पत्राचं उत्तर लिहून दिलं ना त्याला. एक पत्र वाढलं."

ताईने चष्मा काढला आणि पदराने पुसला. चष्मा स्वच्छच होता. एका पत्राचे वजन कोणीतरी इतक्या मायेने चितारले होते आणि तिने त्याला निष्काळजीपणा म्हटले होते.

मित्रांनो, तुम्हाला एक कबुली देतो. त्या क्षणी मला माझीही लाज वाटली. मी एकही दशांश खोटा सांगितला नव्हता. तरी माझ्याच खऱ्या आकड्यांवरून सहा जणांची दोन वर्षे खणात जाणार होती. खण कसा असतो ते मला ठाऊक आहे.

ताईने सचिवांना फोन लावला. "तो बोकडाचा आकडा बदलायचा आहे."

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "ताई, तब्येत बरी आहे ना? एकोणीस वर्षांत तुमचा आकडा हलला नाही. आम्ही इथे त्यावर पैजा लावत नाही, इतका पक्का."

"चूक झाली माझी."

"मग स्वतः यावं लागेल. सगळ्यांसमोर कारण सांगून सही करायची. नियम तुम्हीच घालून दिलाय, आठवतं का? आणि ती सहाही पोरं आलीत, समोरच बसतील." मग त्यांचा आवाज मवाळ झाला. "राहू द्या ना, ताई. कोणाला कळणार आहे? पुढच्या वर्षी दुसरा करतील ते."

ताईने फोन खाली ठेवला आणि ती खुर्चीत बसली. ज्या सभागृहात तिच्या शब्दावर माना डोलत, तिथे उभे राहून "मी बघण्यात चुकले" म्हणायचे होते. तेही अकरा वर्षांच्या मुलीने दाखवले म्हणून.

भिंगरी खुर्चीच्या दांड्यावर येऊन बसली. "मावशी, जाशील ना?"

ताईने गुणांचा कागद पुढे ओढला.

"जाईन."

"नक्की?"

"नक्की. आणि कोणी दाखवलं तेही सांगेन. पण बाजारातल्या चिखलात त्याची खुरं साबणावरून जावीत तशी घसरतात. तिथला एक गुण मी कापणार."

"काप की," भिंगरी म्हणाली. "गेममध्येही तिथे गंडलंच आहे. आम्ही पण हसलो होतो."

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरात कुठे असेल, तर तिला अधूनमधून किल्ली द्या, धूळ पुसा. आम्ही थोडक्यात खूश होतो. आणि कोणाच्या कष्टाला आकडा देण्याची वेळ तुमच्यावर आली, तर आमच्याकडून मोजून घ्या, पण मोजण्याआधी तो खेळ एकदा स्वतः खेळून बघा. नाल्यात पडा. अकरा वेळा पडलात तरी चालेल.

ताईने साडीच्या निऱ्या नीट केल्या, गुणांचा कागद दुमडून पर्समध्ये ठेवला आणि मलाही. "कडी लाव आतून," तिने भिंगरीला सांगितले. पाच वाजायला पन्नास मिनिटे होती. ती कठड्याला धरून जिना उतरली, कोपऱ्यावर उभी राहिली आणि बस आल्यावर खिडकीशी जाऊन बसली. पहिले वाक्य कसे म्हणायचे, याची ती ओठातल्या ओठात तयारी करत होती.